दुपारची बस

सकाळची फेरी समजू शकते. शाळा दाटलेली, खोल्या कमी, मुलं जास्त. मग एक अख्खा वर्ग बाईंसकट बसमध्ये बसवायचा आणि जिथे खोल्या मोकळ्या आहेत अशा लांबच्या शाळेत नेऊन सोडायचा. संध्याकाळचीही समजते, मुलं घरी परतायलाच हवीत. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मात्र 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ही बस भर दुपारीही निघायची. जेवणाची घंटा झाली की काळी मुलं रांगेत उभी राहायची, कोट चढवायची, बसमध्ये बसून आपल्या मूळ शाळेकडे यायची. जेवण उरकलं की पुन्हा रांग, पुन्हा कोट, पुन्हा बस, कारण दुपारचे तास त्या लांबच्या शाळेत असायचे. दिवसाला चार फेऱ्या. शाळेचे दिवस वर्षाला 180 धरले तर 720 फेऱ्या आणि त्यातल्या 360 निव्वळ जेवणासाठी. या शहराच्या शाळांच्या लढ्याबद्दल मोर्चे, अटका, निकाल असं सगळं वाचून झालं, तरी मन अडतं ते या दुपारच्या फेरीपाशी. मिशिगन सरोवराकाठचा जानेवारी, उणे दहा-पंधरा तापमान, सहा वर्षांचं पोर, त्याचे हातमोजे, बुटांच्या नाड्या. आणि हे सगळं कशासाठी, तर शेजारच्या वर्गातल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत त्याने डबा उघडू नये म्हणून.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. पंक्तिभेद.

या पद्धतीला तिथे ‘इन्टॅक्ट बसिंग’ म्हणत, म्हणजे वर्ग न फोडता केलेली ने-आण. तिची रचना नीट पाहायला हवी, कारण सगळं रहस्य त्या रचनेत आहे. मुलांची नावं मूळ शाळेच्याच पटावर राहायची. मुलं सकाळी आधी मूळ शाळेत जमायची, तिथून बसने दुसऱ्या शाळेत जायची, तिथल्या एका खोलीत आपल्याच बाईंकडे, आपल्याच सोबत्यांबरोबर शिकायची आणि परत यायची. यजमान शाळेच्या वर्गांत ती मिसळत नसत. कित्येक ठिकाणी मधली सुट्टीही वेगळी. म्हणजे एकाच छपराखाली दोन शाळा भरायच्या, आणि त्यांतली एक रोज चाकांवर बसून यायची. शाळा मंडळाला विचारलं की प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. वर्ग का फोडत नाही? कारण मूळ इमारतीचं बांधकाम संपलं की मुलांना परत न्यायचं आहे, मध्येच शिक्षक बदलले तर अभ्यासाचं नुकसान होईल. पट का हलवत नाही? कारण नोंदी ठेवायला सोपं जातं. जेवायला का परत आणता? कारण प्राथमिक शाळांत जेवणाची सोय नाही, आसपासची मुलं दुपारी पायी घरी जातात. एकेक कारण सुटं घेतलं तर कुठल्याही कचेरीत शोभेल असं. सगळी एकापुढे एक मांडली की मग दिसतं, या सगळ्या सोयींची बेरीज दर वेळी एकच येते.

अमेरिकेच्या दक्षिणेतली गोष्ट उघड होती. तिथे कायद्यातच लिहिलेलं होतं की काळी मुलं या शाळेत आणि गोरी त्या शाळेत, आणि 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. मिलवॉकी उत्तरेतलं, कारखान्यांचं, कामगारांचं शहर. तिथल्या कुठल्याही नियमात रंगाचा उल्लेख नव्हता, आणि आम्ही रंग पाहतच नाही, हे तिथल्या मंडळाचं आवडतं वाक्य होतं. 1940 मध्ये शहरात काळ्यांची वस्ती नऊ हजारांच्या आत होती, 1960 मध्ये ती 62,000च्या वर गेली, 1970 मध्ये एक लाख ओलांडून पुढे. घरं मात्र त्यांना शहराच्या मधल्या एका पट्ट्यातच मिळायची, ज्याला ‘इनर कोअर’ म्हणत. घर तिथेच आणि शाळा घराजवळची, मग शाळेचा रंग ठरवायला वेगळ्या कायद्याची गरज काय? ‘घराजवळची शाळा’ हे तत्त्व ऐकायला किती मायेचं आहे! म्हणूनच दुपारची बस एवढी बोलकी ठरते. या मुलांना घराजवळच्या शाळेतून उचलून लांब नेलेलं होतंच. अंतर तोडून झालं होतं, इंधन जळत होतं, चालकाचा पगार जात होता. तरीही वर्ग मिसळले नाहीत. घराजवळच्या शाळेचं तत्त्व जिथे लागूच नव्हतं तिथेही भिंत तशीच उभी राहिली, याचा अर्थ भिंतीचा पाया त्या तत्त्वात नव्हता.

हे पहिल्यांदा ज्यांनी नीट वाचलं त्यांत लॉइड बार्बी होते. मेम्फिसमध्ये वाढलेले, विस्कॉन्सिन विद्यापीठातून वकील झालेले, 1962 मध्ये मिलवॉकीत आलेले. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या राज्य शाखेचे ते अध्यक्ष होते. 1963च्या उन्हाळ्यात त्यांनी मंडळाकडे मागणी ठेवली की शहरातल्या शाळा वंशभेदाने वाटल्या गेल्या आहेत हे मान्य करा आणि उपाय करा. मंडळाने काय केलं? समिती नेमली. हॅरल्ड स्टोरी हे तिचे अध्यक्ष, स्वतः वकील, आणि त्यांचं म्हणणं असं की मुद्दाम केलेलं वेगळेपण असेल तर पुरावा आणा, आपोआप झालेल्या वेगळेपणाला मंडळ जबाबदार नाही. जानेवारी 1964 मधल्या बैठकीला एनएएसीपी, कोअर ही नागरी हक्कांची दुसरी संघटना आणि एक स्थानिक संघटना यांचे प्रतिनिधी एकत्र बसून उत्तरं द्यायला आले होते. अध्यक्षांनी सांगितलं, एकत्र नाही, एकेकाने वेगवेगळं बोलायचं. बार्बी आणि त्यांचे सहकारी उठून बाहेर पडले. मुलांना एकत्र बसू द्या हे सांगायला आलेल्या माणसांनाही एकत्र बसू दिलं गेलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत या सगळ्या गटांनी मिळून ‘मिलवॉकी युनायटेड स्कूल इंटिग्रेशन कमिटी’ उभी केली. आद्याक्षरं जुळवून नाव झालं ‘म्युझिक’. चर्च, महिला मंडळं, कामगार, काही गोरे पाद्री, विद्यार्थी, वकील असा तो गोतावळा होता. शाळांवर बहिष्कार घालायचं ठरलं आणि दिवस निवडला 18 मे 1964. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाला दहा वर्षं 17 मे रोजी होत होती, पण तो रविवार.

शाळेवरचा बहिष्कार हे बाहेरून वाटतं तेवढं सोपं हत्यार नाही. दुकान बंद ठेवलं की दुकानदार घरी बसतो. शाळा बंद ठेवली की पोरांना कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि या वस्तीतले आईबाप दोघंही पाळ्यांवर जाणारे. एक दिवस गैरहजर राहिलेली हजारो मुलं रस्त्यावर हिंडली असती तर संध्याकाळच्या वर्तमानपत्राने आंदोलनाचा निकाल लावून टाकला असता. शिवाय मुलाला शाळेत न जाण्याची फूस लावणं हा गुन्हा होऊ शकतो, अशी ताकीद अधिकाऱ्यांकडून येत होती. म्हणून बहिष्काराची खरी तयारी म्हणजे एका दिवसासाठी दुसरी शाळाव्यवस्था उभी करणं. तळघरं असलेली चर्चेस शोधायची, एकेका तळघरात किती मुलं मावतील ते मोजायचं, शिकवायला माणसं गोळा करायची, वयाप्रमाणे गट पाडायचे, कुठल्या गल्लीतल्या मुलाने कुठल्या चर्चमध्ये यायचं हे घरोघर जाऊन सांगायचं, खाण्याची व्यवस्था लावायची, आणि मुलं आली की त्यांची नावं लिहून घ्यायची, कारण संध्याकाळी आकड्यांवरून वाद होणार हे नक्की. ‘फ्रीडम स्कूल’ म्हणत त्यांना. अशा तीसहून अधिक शाळा त्या दिवशी भरल्या. अकरा हजारांवर मुलं आपल्या नेहमीच्या शाळेत गेली नाहीत. फ्रीडम स्कूलमध्ये त्यांनी काळ्यांचा इतिहास ऐकला, जो त्यांच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता या शब्दांवर बोलली, गाणी म्हटली. काही गोरी मुलंही त्यांच्यात येऊन बसली.

त्या दिवशी दुपारी बस नव्हती.

त्या साली हे वारं अनेक शहरांत होतं. शिकागोत ऑक्टोबर 1963 मध्ये दोन लाखांहून जास्त मुलं एका दिवसासाठी शाळेबाहेर राहिली. न्यूयॉर्कमध्ये 3 फेब्रुवारी 1964 रोजी साडेचार लाखांहून अधिक, आणि तिथली जुळवाजुळव करणारे बेयर्ड रस्टिन हे 1948च्या अखेरीस भारतात येऊन गांधीजींच्या सहकाऱ्यांकडून सत्याग्रहाचं तंत्र समजून घेऊन गेलेले. एवढ्या प्रचंड आकड्यांसमोर मिलवॉकीचे अकरा हजार लहान दिसतात. पण प्रमाण पाहावं. इनर कोअरमधल्या शाळांत त्या दिवशी हजेरी घेताना अर्ध्याहून जास्त बाकं रिकामी होती. मंडळाने मात्र धोरण बदललं नाही. हा अनुभव तिन्ही शहरांत सारखाच आला. एक दिवसाचा बहिष्कार ताकद दाखवतो, कारभार हलवत नाही. दुसऱ्या दिवशी घंटा होते आणि मुलं परत येतात, हे मंडळाला ठाऊक असतं.

मग 1965च्या मे महिन्यात लोक बसच्याच आडवे उभे राहिले. हे तंत्र साधं आणि जीवघेणं होतं. मूळ शाळेसमोर बस उभी असते, मुलं चढतात, आणि चालक गाडी सुरू करायच्या आत माणसं हातात हात अडकवून बंपरपुढे साखळी करतात. पाच-सहा माणसं पुरतात. पोलीस येतात, एकेकाला उचलतात, गाडीत घालतात. अर्धा तास जातो. बस निघते, पण वर्ग उशिरा भरतो आणि त्याची नोंद होते. दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं. अडचण एकच आणि तीच सगळ्यात कठीण: बसमध्ये आपलीच मुलं बसलेली. काचेला नाक लावून ती पाहतात की चर्चमधले आपले पाद्री जमिनीवरून उचलले जाताहेत. साखळीतल्या लोकांना हे कळत नसेल असं नाही. तरीही ती माणसं रोज आली, त्यांत धर्मगुरू पुष्कळ होते. सेंट बॉनिफेस चर्चमधले जेम्स ग्रॉपी नावाचे तरुण गोरे फादर याच साखळीत जून 1965 मध्ये पहिल्यांदा पकडले गेले. दोन वर्षांनी घरांच्या हक्कासाठी सलग 200 रात्री निघालेल्या मोर्च्यांतला ‘फादर ग्रॉपी’ हा माणूस या शाळेच्या बससमोर घडला.

ऑक्टोबर 1965च्या दुसऱ्या बहिष्कारात काय बिघडलं तेही सांगायला हवं. या वेळी मुदत ठेवली नव्हती. मंडळ ऐकेपर्यंत शाळेत जायचं नाही, असं ठरलं. सरकारी वकिलांचा इशारा आला. त्यातच कॅथलिक धर्मपीठातून हुकूम निघाला की आपल्या चर्चमध्ये फ्रीडम स्कूल भरवू नये. ग्रॉपींना सेंट बॉनिफेसची दारं आयत्या वेळी मुलांसाठी बंद करावी लागली आणि आलेल्या मुलांना दुसरीकडे पाठवावं लागलं. जागा कमी झाली की मुलांची वाटणी कोलमडते, एका खोलीत दुप्पट मुलं होतात, शिकवणारे थकतात, तिसऱ्या दिवशी आयांना कामावरून विचारणा होते. हजेरी पहिल्या दिवसापासूनच 1964 पेक्षा कमी होती आणि ती रोज घसरत गेली. आठवडा पुरा व्हायच्या आत बहिष्कार थांबवावा लागला. भ्याडपणाने तो मोडला असं म्हणणं अन्यायाचं होईल. गरिबाच्या घरात बेमुदत हा शब्द फार महाग असतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली एक गोष्ट मनात घोळत राहते. काळ्यांच्या वस्तीत मॅकडॉवेल नावाच्या नव्या शाळेचं बांधकाम सुरू होतं, आणि आंदोलकांनी तेच अडवलं. थंडीत रात्रंदिवस तिथे बसले, बांधकामाच्या गाड्यांसमोर उभे राहिले. आपल्या मुलांसाठी बांधली जाणारी नवी कोरी इमारत नको म्हणून? वरवर वेडेपणाच. पण शाळा कुठे बांधता यावरून पुढच्या चाळीस वर्षांत तिच्यात कोण बसणार ते ठरतं. वस्तीच्या ऐन मध्यावर बांधली की एकाच रंगाची मुलं येणार. दोन वस्त्यांच्या शिवेवर बांधली तर दोन्हीकडची. आंदोलकांचा हिशेब बरोबर होता. तरीही त्याच गल्लीतल्या एखाद्या बाईला, जिच्या लेकराला रोज चार वेळा बसमध्ये कोंबलं जात होतं, ही इमारत लवकर उठावीशी वाटली असेल तर तिला चुकीचं कोण ठरवणार? आंदोलकांच्या आणि तिच्या पोटात एकच कळ होती. या लढ्याच्या कहाण्यांतून ही बाई बहुतेक वेळा गळून पडते.

रस्त्यावरून जे हललं नाही ते कागदांवरून हलवायचं बार्बींनी ठरवलं. जून 1965 मध्ये त्यांनी काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही मुलांच्या वतीने संघराज्य न्यायालयात दावा लावला. पहिलं नाव एका मुलाचं, एमॉस. या दाव्यात सिद्ध करायचं होतं ते हेतू, आणि हेतू कुणी लिहून ठेवत नाही. मग तो कुठे शोधायचा? वर्षावर्षाच्या हद्दींच्या नकाशांत. एका वर्षाचा नकाशा घ्यायचा, त्यावर पुढच्या वर्षाचा ठेवायचा, कुठली गल्ली कुठल्या शाळेकडून कुठे गेली ते टिपायचं, मग त्या बैठकीचं इतिवृत्त काढून कारण काय दिलंय ते पाहायचं आणि शेवटी त्या गल्लीत तेव्हा कोण राहत होतं ते जुळवायचं. बदलीच्या अर्जांतून गोरी मुलं कुठून कुठे निघून गेली ते मोजायचं. काळे शिक्षक कुठल्या शाळांत नेमले ते मोजायचं. बसच्या नोंदी काढायच्या. या कामात बार्बींचा उजवा हात होत्या मॅरिलिन मोरह्यूझर. त्या आधी नन होत्या, मग काळ्यांच्या ‘मिलवॉकी स्टार’ या वर्तमानपत्राच्या संपादक झाल्या, मग बससमोरच्या साखळीत अटक झाल्या आणि मग वर्षानुवर्षं या कागदांत बसल्या. पुढे त्यांनी स्वतः कायद्याची पदवी घेतली आणि न्यू जर्सीत गरीब शहरांतल्या शाळांच्या पैशासाठीचा प्रसिद्ध ‘अ‍ॅबट’ खटला लढवला. मोर्च्यातल्या माणसाचं छायाचित्र छापलं जातं. इतिवृत्तं चाळणाऱ्या माणसाचं कुणी काढत नाही. मला तर या लढ्याचा कणा त्या टेबलाशी बसलेला दिसतो.

सुनावणी उभी राहायला 1973 उजाडलं. न्यायाधीश जॉन रेनॉल्ड्स यांनी 19 जानेवारी 1976 रोजी निकाल दिला की मिलवॉकीच्या शाळांतलं वेगळेपण आपोआप झालेलं नाही, मंडळाने ते जाणूनबुजून टिकवलं. जी कृत्यं त्यांनी विचारात घेतली त्यांत हद्दी होत्या, इमारती होत्या, बदल्या होत्या, शिक्षकांच्या नेमणुका होत्या, आणि अख्खा वर्ग वाहणारी ती बसही होती. मंडळ वर गेलं, सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये फेरविचाराला परत पाठवलं, रेनॉल्ड्स यांनी पुन्हा तोच निष्कर्ष काढला आणि 1979 मध्ये तडजोड झाली. दावा लागला तेव्हा पहिलीत असलेलं मूल तोवर वीस वर्षांचं झालं होतं.

आणि जे हाती आलं तेही सरळ नव्हतं. आता वर्ग मिसळले, पण त्यासाठी गावभर फिरायचं ते मुख्यतः काळ्या मुलांनीच. एकाच गल्लीतली मुलं सकाळी वेगवेगळ्या बसमध्ये चढून शहराच्या निरनिराळ्या टोकांना जायची आणि संध्याकाळी त्यांना एकमेकांच्या शाळेची नावंही ठाऊक नसायची. नॉर्थ डिव्हिजन हायस्कूलला वस्तीने मागून मागून नवी इमारत मिळवली, ती 1978 मध्ये उघडली, आणि पुढच्याच वर्षी मंडळाने ती शहरभरच्या मुलांसाठीची खास विषयांची शाळा करायचं ठरवलं, म्हणजे शेजारच्या मुलांनी दुसरीकडे जायचं. हॉवर्ड फुलर या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने वस्ती पुन्हा रस्त्यावर आली, या वेळी आपली शाळा आपल्याकडे ठेवण्यासाठी, आणि तो निर्णय त्यांनी फिरवून घेतला. पंधरा वर्षांपूर्वी मॅकडॉवेलच्या बांधकामासमोर बसलेल्यांना हे पाहून काय वाटलं असेल? मला यात विसंगती वाटत नाही. दोन्ही वेळा हिंडायचं कुणी हे दुसऱ्यानेच ठरवलेलं होतं.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून, त्यांच्याच देशात नव्वद वर्षांनी शाळकरी पोरांची पंगत बस लावून वेगळी केली जात होती. आणि भाऊराव पाटलांनी सातारच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या पोरांना एकत्र स्वयंपाक करायला, एकत्र जेवायला बसवलं होतं, त्याला तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती. भाऊरावांना काय कळलं होतं ते या दुपारच्या बसकडे पाहून नीट समजतं. वर्गात शेजारी बसवता येतं, तरी मनात अंतर राहू शकतं. ताटाला ताट लागलं की ते राखणं कठीण जातं. मिलवॉकीच्या मंडळालाही हे कळलेलं असावं.

बार्बींच्या कागदांत काळ्या मुलांचं काय झालं त्याचा हिशेब आहे. दुसऱ्या बाजूच्या मुलांचा नाही. त्यांच्या शाळेत रोज सकाळी एक परका वर्ग येऊन बसायचा, ज्यातल्या एकाचंही नाव त्यांना माहीत नसायचं. साडेअकरा-बाराला घंटा व्हायची. एकाच इमारतीतून दोन्हीकडची मुलं बाहेर पडायची, बर्फ तुडवत. काही जण पायी निघायचे, समोरच्याच गल्लीत, आईने टेबलावर ठेवलेल्या गरम सूपकडे. उरलेली बसच्या पायऱ्या चढायची. बस वळून जाईपर्यंत एखादा कुणी फाटकापाशी थांबून पाहत असेल, आणि घरी गेल्यावर त्याने विचारलं असेल, ती मुलं आपल्या शाळेत जेवत का नाहीत?